साखराबाईची झोप

सांगवीच्या किशनरावांची साखरा बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत घरात सगळ्यांच्या आधी उठायची. चाकूरपासून दोन कोसांवर हे गाव. किशनरावांची काळी जमीन ओढ्याला लागून होती, दावणीला दोन बैलजोड्या होत्या, घर खाऊनपिऊन सुखी होतं. साखरा तांबडं फुटायच्या आत जात्यावर बसे आणि तिच्या ओव्या शेजारच्या चार घरांना ऐकू जात. हसणंही तसंच मोकळं. हसायला लागली की आई म्हणायची, "अगं हळू, म्हैस बुजंल."

मग एका सुगीत तिला झोप लागली. आपण रोज म्हणतो झोप लागली म्हणून, पण साखरेला ती लागली ती ठेच लागावी तशी, दृष्ट लागावी तशी. हरभऱ्याचे घाटे सोलता सोलता ती सुपावर कलंडली. जेवताना तोंडात घास तसाच राहिला आणि मान खाली गेली. एकदा विहिरीवर पोहरा सोडताना डोळे मिटले, दोर हातातून सरसरत गेला, आणि कुणीतरी मागून पदर धरला म्हणून ती वाचली. आईनं आधी ताप असेल म्हणून काढे पाजले, मग दोन धपाटे घातले. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, वाढीचं अंग आहे, होईल कमी.

झोपेपेक्षा तिला भीती वाटायची ती झोपेच्या उंबऱ्याची. डोळे उघडे असतानाच स्वप्न घरात शिरायचं. समोर आई भाकरी थापत असायची आणि तिच्या शेजारच्या भिंतीतून एक पांढरं वासरू मान बाहेर काढायचं. कोपऱ्यात एक परकी बाई बसलेली दिसायची, ओलं लुगडं पिळत. साखरेला ओरडायचं असायचं, पण जीभ उचलत नसे, बोट हलत नसे. अंगावर कुणी ज्वारीचं पोतं ठेवलंय असं वाटे. आईनं देवळातला अंगारा लावला, दर्ग्यातून दोरा आणून दंडाला बांधला. वासरू येतच राहिलं.

अशा मुलीचं लग्न लवकर उरकलेलं बरं, असं ठरलं. "सासरी गेली की झोप उडती," आई म्हणाली, "आमची न्हाई का उडाली?"

सासर पिंपळगावचं. नवरा शेषेराव, रंगानं काळा, दात पांढरे, आणि नकला करण्यात पंचक्रोशीत नाव असलेला. महसूल खात्याचा गिरदावर घोड्यावर कसा चढतो, पोलीस पाटील शिंकताना डोळे कसे मिटतो, तहसीलचा शिपाई 'कौन है रे' म्हणताना मिशी कशी फुगवतो, हे बघायला बाप्ये पारावर त्याच्याभोवती बसत. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, गोठ्यात कुणी नाही असं बघून त्यानं साखरेपुढं गिरदावराचा घोडा केला. साखरा हसली. आणि हसता हसता तिचे गुडघे मेणासारखे मऊ झाले, हनुवटी खाली लोंबली, ती भिंतीला घसरत शेणात बसली आणि तिथंच आडवी झाली.

शेषेरावला आधी वाटलं, थट्टा करतेय. मग त्यानं तिचे उघडे डोळे बघितले आणि पाण्याची घागर आणून तिच्यावर रिकामी केली. साखरेला सगळं ऐकू येत होतं, पाणी गार लागत होतं. फक्त अंग तिचं राहिलं नव्हतं. थोड्या वेळानं ते परत आलं.

"काय झालतं गं?"

"हसू आलं."

"हसू आल्यावर पडतं व्हय कुणी?"

"मी पडते," साखरा म्हणाली.

त्या दिवसापासून शेषेरावनं तिच्यापुढं नकला करणं सोडलं. पारावर तो तसाच राहिला. घरात आला की मात्र तोंड शिवल्यासारखा भाकरी खाऊन उठायचा. सासूचे शब्द साखरा सोसू शकत होती, ही शांतता तिला जड जायची.

सासू लक्ष्मीबाई वाईट नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की सून घरात आणली ती काम करायला. आणि सून तव्यावर भाकरी टाकून झोपत होती. दोनदा भाकरीबरोबर हातही भाजला. शेजारणींना लक्ष्मीबाई सांगायची, "भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा म्हणतेत. हिला धोंडापण लागत न्हाई बाई. उभ्यानं झोपती."

लोकांना वाटे, दिवसा एवढी झोपते म्हणजे रात्री तर मेल्यासारखी पडत असेल. तसं नव्हतं. रात्री तिची झोप फाटक्या वाकळेसारखी असायची, इकडून ओढली की तिकडून उघडी. घर झोपलं की ती जागी असायची, आणि घर उठलं की तिला पेंग यायची. ज्या वेळी सगळ्यांना जे हवं असायचं, ते त्या वेळी तिच्याजवळ कधीच नसायचं.

पुढं तिला मुलगी झाली. नाव गोदावरी, गोदा. लक्ष्मीबाई बाळाला साखरेजवळ एकटं ठेवत नसे. पाजताना समोर बसून राही. गोदा बसायला लागली तसा हा पहारा जरा सैल झाला.

दिवाळी होऊन गेली होती. साखरा ओट्यावर गोदाला मांडीवर उभं धरून बसली होती. शेषेराव शेतातून आला. बैलाच्या शिंगाचा लाल गोंडा त्यानं काढून स्वतःच्या कानावर अडकवला आणि लेकीपुढं बैलासारखी मान हलवली. गोदा हसली. याआधी ती नुसती तोंडातल्या तोंडात हसायची. आज पहिल्यांदा पोटातून, खळखळून, उचकी लागेपर्यंत हसली. ते ऐकून साखरेलाही हसू आलं. आणि तिचे दोन्ही हात सुटले.

ओटा कमरेएवढा उंच होता. खाली दगडी पायरी होती. गोदाच्या कपाळाला खोक पडली आणि डावा हात मोडला. साखरा ओट्यावर कुशीवर पडली होती. डोळे उघडे होते, आणि नेमकं समोर लेकरू दिसत होतं. ते रडत होतं, रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि आईला बोट उचलता येत नव्हतं. शेषेरावनं उचललं लेकराला. साखरेला पुढं कुणी विचारलं असतं की यम कसा असतो, तर तिनं हेच सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही.

शेषेराव चार लोकांत म्हणाला, "माझी चूक हाय. मी हसवलं दोघींना."

"हसवलं म्हणून काय झालं?" लक्ष्मीबाई म्हणाली. "जगातल्या बायका हसत न्हाईत का? लेकरं टाकतेत का?"

गोदाचा हात हाडवैद्यानं कळकाच्या कामट्या लावून बांधला. साखरेला गाडीत घालून सांगवीला सोडलं, लेकरू ठेवून घेतलं. वर्ष सरायच्या आत शेषेरावचं दुसरं लग्न झालं. ती बाई, चतुराबाई, चांगल्या पायगुणाची निघाली. गोदाला तिनं आपलं मानलं. साखरेला हे कळलं तेव्हा तिला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही वाटून होण्याआधीच तिला झोप आली.

सांगवीत आता किशनराव नव्हते, आईही गेली होती. भाऊ भुजंग घर चालवत होता. भावजय तोंडानं फटकळ, पण उपाशी ठेवणारी नव्हती. साखरेला तिनं बसून करायची कामं दिली. सरकी काढणं, डाळ निवडणं, वाती वळणं. ती निवडत असायची, झोपायची, उठून पुन्हा निवडायची.

हसणं मात्र तिनं बंद केलं. हसू असं ठरवून बंद होत नाही, त्याला मेहनत पडते. पोटात काही हलायला लागलं की ती जीभ दाताखाली धरायची आणि पिंपळगावची पायरी डोळ्यांपुढं आणायची. हळूहळू चेहराच तसा झाला. बायका हसत असल्या की साखराबाई तिथून उठून जायची. नव्यानं गावात आलेल्या सुना तिला घाबरायच्या. कडक बाई दिसते, म्हणायच्या. जात्यावर ओव्या म्हणणारी ती साखरा ज्यांना आठवत होती, ती माणसं एक एक करून कमी होत गेली.

एका दुपारी भुजंगचा बैल सुटून गेला. सगळे शोधायला बाहेर पडलेले. साखरा पडवीत झोपली होती आणि झोपेत पुटपुटत होती, "लिंबाखाली... लिंबाखाली उभा हाय." भावजयीनं ऐकलं. बैल संध्याकाळी खरंच लिंबाखाली सापडला. सांगवीच्या शिवारात प्रत्येक बांधावर कडुलिंब होता, उन्हाचा बैल दुसरीकडं कुठं उभा राहणार, पण हे कुणी बोललं नाही. पुढं पंधरवड्यात देवीच्या देवळात आरतीच्या वेळी टाळ वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं धोतर सुटलं. साखरेनं जीभ चावली, पायरी आठवली, पण ते हसू लई जोरात आलं होतं. ती देवीपुढं कोसळली, डोळे सताड उघडे. कुणीतरी ओरडलं, "देवी आली!" आणि तिच्या कपाळावर कुंकवाची मूठ पडली.

झालं. दर मंगळवारी बायका येऊन पडवीत बसायला लागल्या. कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कुणाच्या म्हशीला कुणी काही केलंय. साखरेला झोप लागायची वाट बघायची, आणि लागली की तोंडाजवळ कान न्यायचा. ती जे बडबडेल त्याचा अर्थ भावजय लावून सांगायची.

"मला देवी न्हाई," साखरा सांगायची. "मला झोप येती. बस."

"देवी झोपंतूनच येती, वन्सं," भावजय शांतपणे म्हणायची.

साखरेला त्याचा राग येण्यापेक्षा थकवा जास्त यायचा. जागेपणी तिच्या वाट्याला फारसं काही राहिलं नव्हतं. झोप हीच काय ती एक जागा होती, जिथं ती कधी ओढ्याला पोहायची, कधी गोदाची वेणी घालायची. आता तिथंही माणसं येऊन बसली. स्वप्नातली ओलं लुगडं पिळणारी बाईसुद्धा मान वर करून विचारायला लागली, "माझ्या नशिबात काय हाय गं?"

अशी वर्षं गेली. शेषेराव नागपंचमीला गोदाला घेऊन यायचा. पोरगी दारात परक्यासारखी उभी राहायची. कपाळावरची खूण केसांखाली गेली होती. साखरा तिला लाडू द्यायची, जवळ बसवायची, आणि ती काही गमतीचं बोलली की तोंड फिरवायची. गोदाला वाटायचं, आईला आपण आवडत नाही.

एका वर्षी तो सणावाराशिवाय आला. गाडीत भुईमुगाची पोती होती, लातूरच्या बाजारात न्यायला. भुजंगला म्हणाला, "लातूरच्या सरकारी दवाखान्यात हैदराबादचे नवे डॉक्टर आलेत. बैलानं लाथ मारली तवा माझा गुडघा दाखवाया गेलतो. बोलता बोलता हिचं सांगितलं. ते म्हनले, घेऊन या."

"देवीच्या बाईला दवाखान्यात न्यायचं?" भुजंग म्हणाला. "गाव काय म्हनंल?"

साखरा आतून ऐकत होती. ती दुसरं लुगडं घेऊन बाहेर आली आणि कुणाला काही न विचारता गाडीत चढली.

डॉक्टर तरुण होते, चष्मा लावणारे, हैदराबादी बोलणारे. निजामाच्या मोगलाईत ती भाषा सगळ्यांना येत होती. त्यांनी तिची नाडी बघितली, डोळ्यांत उजेड टाकला, आणि मग स्टुलावर बसून विचारायला लागले. दिवसातून किती वेळा झोप येते? रात्री नीट लागते का? झोपेच्या वेळी अंग बांधल्यासारखं होतं? डोळे उघडे असताना स्वप्न दिसतं? साखरा प्रत्येकाला मान हलवत होती. तिला वाटलं, शेषेरावनं आधी सांगून ठेवलं असेल. पण वासराचं तर तिनं शेषेरावलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "हँसे तो गिर जाते क्या?"

साखरा त्यांच्याकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांत लोकांनी तिला आळशी म्हटलं होतं, करणी झालेली म्हटलं होतं, देवी म्हटलं होतं. हसल्यावर पडतेस का, हे तिला न ओळखणारा माणूस आपणहून विचारत होता. तिला रडू आलं. रडल्यानं ती पडत नसे, म्हणून ती पोटभर रडली. डॉक्टर थांबले.

"देखो बाई," ते म्हणाले, "ये जिन नहीं, देवी बी नहीं. बीमारी है. किताब में लिखी हुई है, विलायत में बी ऐसे लोगां हैं. क्यों होती, वो किसी को मालूम नहीं. जड़ से जाने की दवा बी नहीं है."

"मग?" शेषेरावनं विचारलं.

त्यांनी थोड्या गोळ्या दिल्या, डोळा जरा उघडा राहील म्हणाले. मग साखरेकडं वळून सांगितलं, की झोप येऊन पाडण्याआधी आपणच दुपारी जाऊन झोपायचं. चुलीजवळ, विहिरीजवळ एकटं जायचं नाही.

"और हँसना छोड़ो नक्को," ते म्हणाले. "बैठ के हँसो."

परतीच्या वाटेला गाडी रिकामी होती, खाली कडबा अंथरलेला. साखरा टेकून बसली होती. ऊन कलत होतं. मग शेषेराव पुढं बघतच म्हणाला, "आता बसलेलीच हायस."

"हाव."

"गिरदावर आता म्हातारा झाला. परवा घोड्यावर चढला."

"मग?"

"पल्याडच्या बाजूनं उतरला."

त्यानं कासरा गुडघ्यात धरला आणि बसल्या बसल्याच तो म्हातारा गिरदावर केला. रिकिबीत पाय अडकलेला, पगडी घोड्याच्या मानेवर, आणि तोंडानं 'सरकारी काम है, सरकारी काम है.' साखरेनं जीभ दाताखाली धरली. मग सोडली. ती हसली आणि कडब्यावर आडवी झाली, गाल वैरणीत, डोळे उघडे. वर आभाळ हलत होतं. शेषेरावनं गाडी थांबवली नाही. तो मागं न बघता हसत होता, आणि मग त्याच्या हसण्याचा आवाज बदलला हे तिला ऐकू आलं. अंग परत आलं तरी ती तशीच पडून राहिली. त्याला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून.

पिंपळगावला परत चल, असं तो म्हणाला नाही. तिनंही तशी अपेक्षा केली नव्हती. तिथं आता चतुराबाईचा संसार होता.

गोळ्यांनी हात थरथरायचे आणि छातीत धडधडायचं. त्या संपल्या आणि तिनं पुन्हा मागवल्या नाहीत. पण दुपारची झोप तिनं स्वतःची करून घेतली. भाकरी झाली की वाकळ घेऊन पडवीत जायची, आणि आडवं व्हायच्या आधी सांगायची, "झोपायला चालले." एवढ्यानंही पुष्कळ फरक पडला. मंगळवारच्या बायकांना तिनं दवाखान्याचं सांगितलं. काही नाराज होऊन गेल्या, काहींनी नारळ ठेवला आणि मग गेल्या. भावजय चार दिवस बोलली नाही. गोदा आली तेव्हा साखरेनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं. हात कसा मोडला तेही. पोरगी केसांखालची खूण चाचपत म्हणाली, "म्हणून तू तोंड फिरवतीस?" साखरा हाव म्हणाली.

मग रझाकारांचं वर्ष आलं. वाटा बंद झाल्या, बाजार ओस पडले, आणि तरुण पोरं गावातून नाहीशी व्हायला लागली. कुणी सांगायचं सोलापूरच्या अंगाला सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावण्या आहेत, तिकडं गेली. मागच्या आळीतल्या सिद्धम्माचा एकुलता मुलगा गुरुबसप्पा असाच एका पहाटे गेला. सिद्धम्मा विधवा होती, देहानं एवढीशी, गळ्यातल्या लिंगाला हात लावल्याशिवाय वाक्य पुरं न करणारी. तिनं कुणाला विचारलं नाही, कुणापुढं रडली नाही. दुपारी ती साखरेच्या पडवीत येऊन बसायला लागली.

"मावशी, मी आता बघत न्हाई कुणाचं," साखरा म्हणाली.

"मी कुटं विचारलं? बसते नुसती. घरात करमत न्हाई."

साखरा वाकळेवर पडायची, सिद्धम्मा शेजारी लिंबोळ्या फोडत बसायची. एका दिवशी साखरा जागी झाली तर म्हातारीचं तोंड उजळलेलं.

"काय झालं, मावशी?"

"तू बोललीस. नदीला पाय धुतोय म्हनलीस. येतो म्हनलीस."

साखरेला काहीच आठवत नव्हतं. ती बोलली असेल. कुणाबद्दल, कुणास ठाऊक. तिच्या स्वप्नात नेहमीच कुणी ना कुणी पाण्याकाठी असायचं. पण सिद्धम्मा त्या दिवसापासून रोज एक भाकरी जास्तीची थापू लागली. वेशीपाशी जाऊन उभी राहायची, अंधार पडला की ती भाकरी गाईला घालायची. पाऊस पडून गेला, ज्वारी आली, गेली. बातमी काही आली नाही.

ते बघणं साखरेला सोसेना. एक दिवस तिनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. "मावशी, ऐक. मला देवी न्हाई. मला रोग हाय, डॉक्टरनं सांगितलाय. झोपंत मला जे दिसतं ते माझंच असतं. त्यात तुझा लेक न्हाई."

सिद्धम्मानं ऐकून घेतलं. मग गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाली, "असू दे, तंगी, माझे भैनी. तुझ्याच झोपंत का होईना, पाय तर धुतोय न्हवं? माझ्या झोपंत तर येत बी न्हाई."

सिद्धम्मा येत राहिली. साखरा जागी झाली की विचारायची, "दिसला?" साखरा खरं सांगायची. बहुतेक वेळा नाही, कधी आठवत नाही, एकदा कुणीतरी पाठमोरं होतं. म्हातारी प्रत्येक उत्तर सारखंच पदरात घ्यायची. साखरेला त्याचं ओझं व्हायचं, पण ती न आली तर त्याहून जास्त व्हायचं.

भादव्यात पोलीस ॲक्शन झाली. तुरुंग उघडले, आणि दसऱ्याच्या सुमाराला गुरुबसप्पा गावात आला. हाडं राहिली होती, दाढी छातीपर्यंत. तो छावणीपर्यंत पोचलाच नव्हता. वाटेतच पकडला गेला होता, तेव्हापासून तुरुंगाच्या एका बराकीत होता. नदी त्यानं बघितली नव्हती. पाय धुवायचं सोडा, प्यायला पाणी मोजून मिळायचं.

पण सिद्धम्मानं तोवर गावभर सांगून टाकलं होतं, साखरेनं बघितलं होतं, येतो म्हणाली होती, आला. पुढच्याच मंगळवारी पडवी भरली. परगावच्या बायकाही होत्या, कारण त्या वर्षी प्रत्येक गावात कुणी ना कुणी परत यायचं राहिलं होतं. साखरेनं प्रत्येकीला सांगितलं, झोप आहे बाई, देवी नाही. बायका माना डोलवत होत्या आणि बसून राहत होत्या. भावजयीनं त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली. साखरेला वाटलं, आता जन्मभर हे सांगत राहायचं, आणि कुणी ऐकायचं नाही. सांगायचं तरी सोडता येणार नाही.

काही दिवसांनी, मंगळवार नव्हता, तेव्हा गुरुबसप्पा एकटा आला. पडवीच्या खांबाला टेकून बसला.

"अक्का, मी काही विचाराया न्हाई आलो."

"बरं झालं."

"मला झोप येत न्हाई," तो म्हणाला. "तिथं रात्री दार वाजलं की शिपाई कुणाचं तरी नाव घेऊन त्याला न्यायचे. आता डोळा मिटला की दार वाजतं. आईला सांगितलं न्हाई. तिला वाटतं, पोरगं घरी आलं, आता सुखानं झोपतं."

साखरेनं त्याच्याकडं नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पापण्या लाल होत्या. घर झोपल्यावर एकट्यानं जागं राहणं कसं असतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"लई थकलास," ती म्हणाली.

"हाव. तुमच्यातली थोडी द्या मला."

"सगळीच ने बाबा," साखरा म्हणाली. "मला बी नको झालीय."

तो जरासा हसला. साखरा बसलेलीच होती, तरी तिनं भिंतीला हात लावून ठेवला. मग तिनं आपली वाकळ त्याच्याकडं सरकवली आणि स्वतः पोत्यावर आडवी झाली. तो वाकळेवर पडून बोलायला लागला. बराकीचं, तिथल्या ढेकणांचं, शेजारच्या एका माणसाचं, जो रोज रात्री आपल्या बैलांची नावं घ्यायचा. साखरा हूं हूं करत होती. जागं राहून सगळं ऐकून घ्यावं असं तिला फार वाटत होतं. पण त्या माणसाच्या बैलांची नावं चालली असतानाच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन अंगणाच्या पलीकडं गेलं होतं आणि तो निघून गेला होता. वाकळ तशीच चुरगळून पडली होती. त्याला झोप लागली होती की तो नुसताच पडून होता, ते तिला कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी भाकरी करून ती पडवीत आली, तर तो आधीच खांबाजवळ येऊन बसला होता.